चाळिशीनंतरचे लक्ष्मणराव

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली आणि निम्मे सभासद साठीच्या पुढे गेले. मीटिंगचा निरोप मोबाईलवर आला की नातवाला हाक मारायची आणि आता या वयात कुठं शिकत बसायचं म्हणून विषय संपवायचा, हे घरोघरी चालतं. म्हणून स्मरणिकेसाठी मी लक्ष्मणराव किर्लोस्कर निवडले. सांगलीहून कराड-साताऱ्याकडे रेल्वेने जाताना किर्लोस्करवाडी स्टेशन आपण सगळ्यांनी पाहिलंय.

त्यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये गेले, तर काही रंग डोळ्यांना नीट ओळखू येत नाहीत असं निघालं. रंग सुटले, रेषा राहिल्या. मग यांत्रिक ड्रॉइंग शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. पुढे हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली आणि यांनी नोकरीच सोडली. (आमच्यासारखे बँकवाले अशा वेळी पेन्शनचा हिशेब करून गप्प बसतात!) बेळगावात बंधू रामूअण्णांबरोबर आधी सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर.

नांगराची गोष्ट मुद्दाम सांगतो. लाकडी नांगर जमीन उकरतो, लोखंडी नांगर ती उलथून टाकतो. कृष्णाकाठच्या काळ्या रानात हराळीच्या मुळ्या उपटून काढायला तोच हवा. पण लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले चाळीस नांगर खपायला दोन वर्षं लागली. पुढे मात्र मागणी वाढत गेली. आपले कर्मवीर भाऊराव पाटीलही काही काळ हे नांगर विकत गावोगाव हिंडले.

१९१० साली बेळगावची जागा नगरपालिकेने घेतली आणि एक्केचाळिसाव्या वर्षी सगळं नव्याने मांडायची वेळ आली. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन आणि बिनव्याजी दहा हजार रुपये दिले. जमीन कसली, निवडुंग आणि सापांचं माळरान! (हा भाग तेव्हा औंध संस्थानात होता. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला, सांगली हे नाव १९६० चं.)

तिथं जमलेली माणसंही बघा. अनंतराव फळणीकर शिक्षण अर्धवट सोडून आलेले, ते इंजिनियर झाले. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग तुरुंगवास भोगून आलेले, त्यांच्याकडे कारखान्याचा पहारा दिला. माणसाचं आधीचं काय ते न बघता त्याच्या हातात काम द्यायचं, ही लक्ष्मणरावांची रीत होती. आमच्या शाखेत कॉम्प्युटर आले तेव्हा नेमकं उलटं झालं. पन्नाशीच्या लोकांना जमणार नाही असं वरिष्ठांनी आधीच ठरवून टाकलं. ज्यांचं लेजर कधी एका पैशाने चुकलं नाही अशी माणसं २००१ च्या स्वेच्छानिवृत्तीत निघून गेली. मला अजून ते खटकतं. त्यांना कुणी कीबोर्डपुढे नीट बसवलंच नव्हतं.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. १९२६ साली मुलगा शंतनुराव अमेरिकेतून इंजिनियर होऊन परतले आणि त्याच वर्षी वाडीत सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. लक्ष्मणराव तेव्हा सत्तावन्नचे, म्हणजे आपल्याकडे निरोपसमारंभाच्या शालीचं वय. १९५६ साली ते गेले.

सातारा आणि सांगलीच्या खेड्यांत मी इंजिन-पंपाची कर्जं पुष्कळ दिली. कागदावर अंगठा उठवणारे सत्तरीचे शेतकरी एका झटक्यात हँडल मारून इंजिन चालू करायचे. किती हॉर्सपॉवर लावला की पाणी किती उंच चढेल, हे तर ते माझं कोटेशन न बघताच सांगायचे.