घरंगळत्या गोळ्याचा हिशेब

बँकेतल्या नोकरीने मला एक गोष्ट पक्की शिकवली. महिनाअखेरीस खात्यावरची शिल्लक तितकीच दिसली, म्हणजे उलाढाल झालीच नाही असे नव्हे. जेवढे आले तेवढेच गेले, इतकेच. शाळेच्या पुस्तकातले संतुलित बल ते हेच. टेबलावरच्या वहीला पृथ्वी खाली ओढते, टेबल तितक्याच जोराने वर रेटते. बाकी शून्य, म्हणून वही स्वस्थ. पण बाकी शून्य असतानाही वस्तू चालत राहू शकते, हे माणसाला फार उशिरा उमगले. ज्याला ते उमगले तो गॅलिलिओ मला शास्त्रज्ञाच्या आधी ओढगस्तीतला संसारी गृहस्थ म्हणून जवळचा वाटतो.

15 फेब्रुवारी 1564 रोजी पिसा येथे त्याचा जन्म झाला. वडील संगीतज्ञ, तारेचा ताण आणि सूर यांचे नाते ते ग्रंथावर न विसंबता स्वतः पारखून पाहत. मुलाने वैद्य व्हावे ही त्यांची इच्छा. मुलगा मात्र गणिताच्या नादी लागला आणि 1585 मध्ये पदवीविनाच विद्यापीठातून बाहेर पडला. 1591 मध्ये वडील गेले आणि बहिणींच्या हुंड्याचे ओझे त्याच्यावर आले. 1592 पासून पादुआला प्राध्यापकी करताना पगार पुरेना, म्हणून तो घरी विद्यार्थी ठेवी, शिकवण्या करी, गणिती उपकरणे विकी.

याच धावपळीत तो उतरत्या फळीवरून गोळे सोडत होता. क्षण मोजणारे घड्याळ नव्हते. भांड्यातून गळलेले पाणी तोलून तो वेळ काढी. ढकलणे थांबले की वस्तू थांबते, हे ॲरिस्टॉटलचे मत होते. बैलगाडी पाहणाऱ्या कोणालाही ते पटावे असेच होते. गॅलिलिओने पाहिले, की उतारावरून सुटलेला गोळा समोरच्या चढावर जवळजवळ तेवढीच उंची गाठतो. चढ सौम्य केला, तर तेवढ्या उंचीसाठी अधिक लांब जातो. आणि चढच नसेल तर? मग थांबायला कारणच उरत नाही. गोळ्याला थांबवते ते घर्षण. या जडत्वाला नियमाचे रेखीव रूप न्यूटनने 1687 मध्ये दिले.

ही नुसती फळीवरची करामत नव्हती. पृथ्वी फिरते, तर पक्षी मागे का पडत नाहीत, हा त्या काळचा बिनतोड सवाल होता. संथ चाललेल्या जहाजाच्या बंद खोलीत माशा नेहमीसारख्याच उडतात, पाण्याचे थेंब सरळ खालीच पडतात, हे त्याचे उत्तर. जहाजाची गती त्यांच्याही अंगी असतेच. हे मांडणारा ग्रंथ 1632 मध्ये निघाला आणि 22 जून 1633 रोजी रोममध्ये, सत्तरीकडे झुकलेल्या या माणसाला गुडघे टेकून आपले मत सोडावे लागले. नंतर जन्मभराची नजरकैद.

थोरली मुलगी व्हर्जिनिया फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्रीला मठात जोगीण होती. आईवडिलांचा विवाह झालेला नसल्याने मुलींचे लग्न जमणे अवघड, म्हणून त्याने दोघींना लहानपणीच मठात घातले होते. वडिलांना शिक्षा म्हणून दर आठवड्याला म्हणायची स्तोत्रे तिने स्वतःच्या शिरावर घेतली. तो आर्चेत्रीला परतला आणि काही महिन्यांतच, 2 एप्रिल 1634 रोजी ती गेली. तिची 124 पत्रे आज उपलब्ध आहेत. त्याने तिला लिहिलेले एकही नाही.

त्या घावानंतर माणूस बसला असता, तर कोणी नावे ठेवली नसती. त्याने जुनी टिपणे काढली, फळीवरच्या गोळ्यांचा हिशेब पुरा केला. इटलीत छापणे अशक्य, म्हणून 1638 मध्ये तो ग्रंथ हॉलंडमधल्या लायडनला छापून निघाला. प्रत हाती आली तेव्हा त्याचे डोळे गेले होते. 8 जानेवारी 1642 रोजी आर्चेत्रीच्या त्याच घरात, कैदेतच, तो वारला.