पारतंत्र्यात स्वराज्य चालविणारे क्रांतिसिंह

इंग्रजांची सत्ता कायम असतानाच सातारा जिल्ह्यातील रयतेने गावोगावी स्वतःचे सरकार चालविले. या प्रतिसरकारचे नेते म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटील. त्यांचे चरित्र हा लोकविश्वासावर उभ्या राहिलेल्या सत्तेचा इतिहास आहे.

३ ऑगस्ट १९०० रोजी जन्मलेले नाना रामचंद्र पाटील हे वाळवा तालुक्यातील येडेमच्छिंद्रचे. तलाठ्याची नोकरी सोडून त्यांनी १९३० च्या सविनय कायदेभंगात उडी घेतली. त्यांची रांगडी, अस्सल ग्रामीण वाणी शेतकऱ्यांच्या थेट काळजाला भिडत असे.

१९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत झाले. १९४३ मध्ये प्रतिसरकार आकारास आले. त्याचे प्रमुख केंद्र असलेले कुंडल औंध संस्थानात होते. या संस्थानच्या अधिपतींनी १९३९ मध्येच प्रजेला स्वराज्याचे अधिकार दिले होते. शिवाय संस्थानी हद्दीत ब्रिटिश पोलिसांचे हात आखडत. भूमिगतांना याचा मोठाच आधार झाला.

जी. डी. बापू लाड यांच्यासारखे तरुण तुफान सेनेत अग्रभागी होते. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वेतून नेला जाणारा सरकारी पैसा लुटण्यात आला. मात्र खरी कसोटी होती ती कारभाराची. न्यायदान मंडळे तंटे मिटवीत, सावकार आणि दरोडेखोरांना वचक बसवीत. दारूबंदी झाली; अल्प खर्चाचे 'गांधी विवाह' रूढ झाले. तुरुंग नसलेल्या या सरकारची शिक्षा कठोर होती. गुन्हेगारांच्या तळपायांवर काठ्या बसत. त्यावरूनच पायांना पत्रे ठोकल्याच्या कथा पसरल्या आणि 'पत्री सरकार' हे नाव रूढ झाले. या कठोरपणाविषयी मतभेद असू शकतील. परंतु गावकऱ्यांनी तोंड उघडले असते, तर हे सरकार आठवडाभरही टिकले नसते. नानांवर बक्षीस लागले, घरादारावर जप्ती आली, तरीही ते सरकारच्या हाती लागले नाहीत.

१९४६ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळ आल्यावर वॉरंटे मागे घेण्यात आली आणि नाना प्रकट झाले. प्रतिसरकार विसर्जित झाले. हाती आलेली सत्ता त्यांनी स्वतःसाठी राखली नाही, हेच त्यांचे मोठेपण. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते अग्रेसर राहिले. कम्युनिस्ट पक्षातर्फे १९५७ मध्ये साताऱ्यातून, तर १९६७ मध्ये मराठवाड्यातील बीडमधून ते लोकसभेवर निवडून गेले. कृष्णाकाठच्या या नेत्याला निजामी राजवट भोगलेल्या मराठवाड्यानेही आपले मानले.

६ डिसेंबर १९७६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार वाळव्यातच त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले.