विल्यम फोर्साइथ : झाडांचा वैद्य

बागेतील एखाद्या झुडपाच्या फांद्या शेंड्याकडून वाळू लागल्या, की पुष्कळजण ते झाड मेले असे समजून त्याची आशा सोडतात. अशी आशा न सोडता आजारी झाडांची चिकित्सा करण्यात ज्याने आयुष्य वेचले, त्या विल्यम फोर्साइथचे चरित्र बोधप्रद आहे.

त्याचा जन्म इ. स. १७३७ मध्ये स्कॉटलंडातील ओल्ड मेलड्रम ह्या गावी झाला. तरुणपणी तो लंडनला आला व चेल्सी येथील औषधी वनस्पतींच्या बागेत फिलिप मिलर ह्या नामांकित उद्यानपंडिताच्या हाताखाली शिकला. १७७१ मध्ये गुरूची जागा ह्या शिष्यास मिळाली. पुढे तिसऱ्या जॉर्ज राजाने केन्सिंग्टन व सेंट जेम्स येथील राजोद्याने त्याच्या स्वाधीन केली.

केन्सिंग्टनची जुनी फळझाडे रोगाने जर्जर झाली होती. फोर्साइथने त्यांचा मृत व कुजका भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून काढला आणि जखमांवर शेण, जुना चुना, राख व वाळू ह्यांचा लेप दिला. झाडांस नवे धुमारे फुटले. त्या काळी इंग्रजी आरमाराची जहाजे ओकच्या लाकडाची असत. सबब पार्लमेंटनेही ह्या लेपाची दखल घेतली, त्यास सरकारी बक्षीस मिळाले व १७९१ मध्ये लेपाची कृती प्रसिद्ध झाली.

परंतु टॉमस अँड्र्यू नाइट ह्या विद्वानाने लेपाच्या गुणाविषयी उघड शंका घेतली. १८०४ च्या मार्चमध्ये लंडनच्या उद्यानविद्या मंडळाची स्थापना करणाऱ्या सात जणांत फोर्साइथ होता. त्याच वर्षी जुलैत तो वारला, आणि १८११ मध्ये नाइट त्याच मंडळाचा अध्यक्ष झाला!

आजचे शास्त्र नाइटच्या शंकेस दुजोरा देते. लेपाने कूज थांबत नाही. झाड स्वतःच रोगट भागाला आतून बांध घालते व नव्या लाकडाने जखम झाकते. म्हणून वाळलेली फांदी धारदार, स्वच्छ कात्रीने जिवंत भागापर्यंत कापावी, खोडालगतचा फुगवटा दुखवू नये, मुळाशी पाणी तुंबू देऊ नये आणि धीर धरावा. फोर्साइथचा लेप फोल ठरला. त्याची कात्री व चिकाटी मात्र खरी ठरली.

वसंतारंभी पिवळ्या फुलांनी डवरणाऱ्या एका झुडपास त्याच्या नावावरून फोर्सिथिया म्हणतात. बहर ओसरल्यावर त्याच्या जीर्ण फांद्या बुडापासून छाटल्या, की ते तळातून पुन्हा नवे कोंब काढते. ह्या माळ्याचे याहून उचित स्मारक कोणते?