एका विद्यार्थ्याचा प्रश्न

खरं सांगायचं तर त्या परिषदेला मी गेलो ते जेवणासाठी. मेसमध्ये सलग चौथ्या दिवशी दुधीची भाजी होती आणि नोटीस बोर्डावर लिहिलं होतं की मानवी हक्कांवरच्या विद्यार्थी परिषदेला जाणाऱ्यांची हजेरी लागेल. विषय होता सामूहिक हत्याकांडं कशी रोखायची. आम्ही तिघं मेकॅनिकलवाले शेवटच्या रांगेत. आजूबाजूला सगळी लॉची मुलं. आमचा इथे काय संबंध, हाच विचार डोक्यात. पण तिथे एका माणसाचं नाव ऐकलं आणि परत आल्यावर लायब्ररीत बसून त्याच्याविषयी वाचत गेलो.

राफाएल लेमकिन. जन्म १९०० सालचा, आज बेलारूसमध्ये असलेल्या वोल्कोविस्क गावाजवळ, एका ज्यू शेतकरी कुटुंबात. १९२१ मध्ये, म्हणजे आपल्याच वयाचा असताना, त्याच्या वाचनात बर्लिनमधला एक खटला आला. १९१५ पासून ऑटोमन साम्राज्यात लाखो आर्मेनियन मारले गेले. त्याला जबाबदार असलेल्या तलात पाशाला एका आर्मेनियन तरुणाने भर रस्त्यात गोळी घातली होती. लेमकिनने प्राध्यापकांना विचारलं, एकाला मारणाऱ्यावर खटला, मग लाखोंना मारवणाऱ्यावर का नव्हता? सरांनी उदाहरण दिलं कोंबड्यांचं. शेतकऱ्याने आपल्या कोंबड्या मारल्या तर तो त्याचा प्रश्न, बाहेरच्याने मध्ये पडू नये. देशाचं सार्वभौमत्व म्हणजे असंच!

आपण असतो तर उत्तर वहीत उतरवून घेतलं असतं आणि व्हायव्हाला तेच ठोकलं असतं. लेमकिनला ते पटलं नाही, आणि पुढे आयुष्यभर पटलं नाही.

तो वकील झाला, वॉर्सात सरकारी वकिली केली. १९३३ मध्ये माद्रिदच्या एका कायदा परिषदेसाठी त्याने प्रस्ताव लिहिला की एखाद्या समूहाचा नाश हा आंतरराष्ट्रीय गुन्हा ठरवा. त्याला स्वतःला तिथे जाता आलं नाही आणि प्रस्ताव बारगळला. त्याच वर्षी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला होता.

१९३९ मध्ये जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. लेमकिन आईवडिलांचा निरोप घेऊन निसटला. लिथुआनिया, स्वीडन, मग रशिया आणि जपानमार्गे १९४१ मध्ये अमेरिकेत. स्वीडनमध्ये असताना त्याने एक विलक्षण काम केलं. नाझींनी जिंकलेल्या देशांत काढलेले सरकारी हुकूम तो जमवत बसला. एकेक हुकूम वेगळा वाचला तर नुसता कारकुनी कागद. कोणाची नोंद कशी करायची, कोणाची मालमत्ता घ्यायची, कोणाला किती रेशन द्यायचं. सगळे एकत्र मांडल्यावर मात्र पार्टसची असेंब्ली व्हावी तसं पूर्ण यंत्र दिसायला लागलं. आपण फटीग फेल्युअर शिकतो ना? शाफ्ट एका क्षणात तुटतो, पण तडा कधीचाच पडलेला असतो. तसंच हे!

या यंत्राला नाव नव्हतं. १९४४ च्या आपल्या पुस्तकात त्याने ते दिलं, एक ग्रीक आणि एक लॅटिन शब्द जोडून: जेनोसाइड. मराठीत वंशसंहार. युद्ध संपल्यावर त्याला कळलं की घरची ४९ माणसं गेली, त्यात आईवडीलही.

मग हा माणूस संयुक्त राष्ट्रांच्या कॉरिडॉरमध्ये उभा राहायला लागला. पद नाही, ऑफिस नाही, दिसेल त्या प्रतिनिधीला गाठायचं. १९४६ मध्ये वंशसंहार हा गुन्हा आहे असा ठराव क्यूबा, पनामा आणि भारताने मांडला. आपल्या शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या विजयालक्ष्मी पंडित. ९ डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये करार मंजूर झाला. पुढची सगळी वर्षं, एकेका देशाने तो स्वीकारावा म्हणून पत्रं लिहिण्यात गेली. नोकरी टिकली नाही, पैसा नाही, तब्येत ढासळलेली. २८ ऑगस्ट १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये तो वारला. अंत्ययात्रेला मोजकी माणसं. त्याच्या आदल्याच दिवशी भारताने करारावर शिक्कामोर्तब केलं होतं! अमेरिकेला मात्र १९८८ उजाडलं.

मग हत्याकांडं थांबली का? नाही. १९९४ मध्ये रवांडात काही लाख माणसं मारली जात असताना मोठे देश हा शब्द उच्चारायलाच कचरत होते, कारण उच्चारला की काहीतरी करावं लागलं असतं. पण १९९८ मध्ये तिथल्याच एका नगरप्रमुखाला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने याच गुन्ह्यासाठी दोषी ठरवलं. करारानंतर पन्नास वर्षांनी. कोंबड्यांचं उत्तर तेव्हा कुठे खोटं ठरलं.

राहिला आमचा प्रश्न, मेकॅनिकलवाल्यांचा काय संबंध? वाचता वाचता तेही सापडलं. ऑशविट्झमध्ये प्रेतं जाळायच्या भट्ट्या टोप्फ नावाच्या जर्मन कंपनीने पुरवल्या. ड्रॉइंग्ज, क्षमतेचे हिशोब, दुरुस्ती, सगळं इंजिनिअरांनीच केलं. हुशार मुलं असणार ती. हे कशासाठी, एवढंच त्यांनी विचारलं नाही.

मित्रांनो, त्या परिषदेत शेवटी प्रश्नांसाठी अर्धा तास ठेवला होता. मी तेव्हा जेवणाच्या रांगेत पहिला होतो. पुढच्या वेळी थांबणार आहे.