कै. शंकरराव किर्लोस्कर

कै. शंकर वासुदेव किर्लोस्कर यांचा जन्म १८९१ साली झाला. त्यांचे शिक्षण चित्रकलेचे. परंतु काका लक्ष्मणराव यांच्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात जाहिरातीचे काम त्यांजकडे आले. कारखान्याची व त्याच्या लोखंडी नांगरांची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचावी, या हेतूने १९२० साली त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. या वार्तापत्राचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० साली ‘स्त्री’ व १९३४ साली ‘मनोहर’ ही मासिके त्यास येऊन मिळाली. रूढी, अंधश्रद्धा व जातिभेद यांवर त्यांनी निर्भयपणे प्रहार केले, हे ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेतही संकोच न धरता नमूद केले पाहिजे. १९७५ साली शंकरराव निवर्तले.

आपल्याकडे यंत्रे कोणत्या शब्दांत विकली जात, नोकरीमागे धावणाऱ्या तरुणांस उद्योगाकडे कसे वळविले जाई, याचा जिवंत पुरावा या जुन्या अंकांच्या मजकुरात व जाहिरातींत आहे. सरकारी अहवालांत तो सापडणे कठीण. ज्ञातिबांधवांच्या माळ्यांवर असे अंक असतील, तर ते रद्दीत न घालता जवळच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करावेत. शंकररावांचे खरे स्मारक तेच होय.