वरची बाई, हाताखालची बाई

बाईच बाईची वैरी, असे आपल्याकडे फार सहज बोलले जाते. वरच्या खुर्चीत बाई आली की हाताखालच्या बायकांचे काही खरे नाही, हेही ओघाने येतेच. गेवराईत मी अंगणवाडीचे काम जवळून पाहते. मदतनीस, तिच्यावर सेविका, तिच्यावर पर्यवेक्षिका, साऱ्या बायकाच. म्हणून असे काही कानावर आले की मला ताराबाई मोडक आठवतात. अंगणवाडीचे मूळ त्यांच्याच कामात आहे.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा, मुंबईचा. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. पुढे राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्या झाल्या. पण मानाची ती जागा सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या हाताखाली बालशिक्षण शिकायला गेल्या. वरची खुर्ची आणि खालची सतरंजी, दोन्ही त्यांनी अनुभवल्या होत्या.

१९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. तिथे त्यांना सहकारी लाभल्या अनुताई वाघ. बालपणीच वैधव्य आलेल्या, पुण्यात शिक्षिकेची नोकरी केलेल्या अनुताई वयाने अठरा वर्षांनी लहान. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा निघाली. प्रयोग दोघींचा होता. धाकटीला केवळ हुकूम पाळायचा नव्हता.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या गेल्या, पण काम थांबले नाही. अनुताईंनी ते १९९२ पर्यंत, अखेरच्या श्वासापर्यंत चालवले. १९८५ मध्ये त्यांनाही पद्मश्री मिळाली. आपल्यामागे उभी राहील अशी बाई घडवणे, वरिष्ठपणाची याहून मोठी कसोटी कोणती?

१९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी देशभर पोचली. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडची कुटुंबे ऊसतोडीला जातात, तेव्हा गावी राहिलेल्या लेकरांना तिचाच आधार असतो. सेविकेला पगार नाही, मानधन मिळते. भेटीला आलेल्या पर्यवेक्षिकेने नुसत्या नोंदवह्या तपासल्या, तर सेविका त्या भरण्यापुरतीच राबेल. पण मुलांमध्ये घटकाभर बसून, कुठे अडते आहे ते तिने आपुलकीने विचारले, तर त्या अंगणात ताराबाई आणि अनुताई पुन्हा शेजारी शेजारी बसलेल्या दिसतील.