अर्जात नसलेला रकाना

रविवारी सकाळी प्रतापनगरातून तर्री-पोहे बांधून घेतले की माझी पावले किराणा दुकानाकडे वळतात. डझनभर अंडी घ्यायची असतात. दुकानदार आजचा भाव सांगतो, मी पैसे मोजतो. एकोणचाळीस वर्षे बँकेत काढल्यामुळे भाव ऐकला की एक प्रश्न मनात येतोच: हा भाव ठरवला कोणी? त्या प्रश्नाचा माग घेत गेले की आपण एका माणसापाशी पोचतो. डॉ. बांदा वासुदेव राव, म्हणजेच बी. व्ही. राव.

१९३५ साली जन्मलेले राव मूळचे हैदराबादकडचे, तेलुगू बोलणारे. १९७१ साली त्यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुढे पुण्याला आपली कर्मभूमी केली. आपल्याकडे तोवर कोंबडीपालन म्हणजे परसातला व्यवहार. माझी आजी खुडूक कोंबडी बघून टोपलीत भुसा घाली, त्यावर दहा-बारा अंडी मांडी आणि एकवीस दिवस वाट पाही. गावठी कोंबडी वर्षाकाठी पन्नास-साठ अंडी देई. आजीची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

रावांचे लक्ष मात्र जातिवंत वाणावर होते. पांढरी लेगहॉर्न ही मूळची इटलीची कोंबडी. अमेरिकेत गेल्यावर १८७४च्या प्रदर्शन-नियमावलीत तिचा तुरा, कानाची पाळी, पिसांचा रंग, सगळ्यांची मापे लिहिली गेली. प्रदर्शनात बक्षीस मिळवणारा माणूस पिढ्यानपिढ्या हे रूप राखतो. अंड्यांसाठी वाण राखणाराही तेवढ्याच निष्ठेने निवड करतो, फक्त त्याची नजर तुऱ्यावर नसते, अंड्यांच्या नोंदवहीवर असते. शुद्ध वाणांपासून आजी-आजोबांची पिढी, त्यांच्यापासून आई-बापांची आणि शेवटी शेतकऱ्याच्या खुराड्यात जाणारे संकरित पिल्लू, अशी ही उतरंड. शेवटच्या पिल्लाची पुढची पैदास केली तर गुण विस्कटतात. म्हणून ज्याच्या हाती शुद्ध वाण, त्याच्या हाती धंद्याची किल्ली. रावांनी अमेरिकेतल्या बॅबकॉक या पैदासकारांशी हात मिळवला आणि शुद्ध वाण इथे आणून इथल्या हवेत, इथल्या खाद्यावर निवड चालवली. त्यातून बीव्ही-३०० ही वर्षाला तीनशेच्या वर अंडी देणारी कोंबडी उभी राहिली.

आजीच्या टोपलीची जागा यंत्राने घेतली. साडेसदतीस अंश सेल्सिअसची ऊब, मोजलेली दमट हवा, दिवसभरात अनेकदा कुशीवर वळवलेली अंडी. अठराव्या दिवशी ती दुसऱ्या यंत्रात जातात आणि एकविसाव्या दिवशी टरफल फुटते. निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. पिल्लाच्या पोटात उरलेला बलक त्याला दोन-तीन दिवस पुरतो. त्या शिदोरीवरच एक दिवसाची पिल्ले भोके पाडलेल्या खोक्यांतून दूरदूरच्या गावी पोचू लागली.

अशीच खोकी मी पहिल्यांदा पाहिली ती वर्धेकडच्या एका तालुक्याच्या गावी. १९८० साली बँकेत लागलो, तेव्हा शेतीपूरक धंद्यांना कर्ज द्या, असे वरून सारखे सांगणे असे. पाचशे कोंबड्यांच्या एका प्रकरणाची छाननी मी केली. शेड, पिल्ले, खाद्य, लसी, सारे रकाने भरले. वर्षाच्या आत तो शेतकरी हप्ते चुकवू लागला आणि मी नोटीस लिहिली. तो आला तो रोजच्या अंड्यांची वही घेऊन. एकही दिवस कोरा नव्हता. कोंबड्यांनी आपले काम चोख केले होते. बुडाला होता तो भावात. विदर्भाच्या उन्हाळ्यात अंडे थांबत नाही, हे व्यापाऱ्याला ठाऊक होते. तो देईल त्या पैशांत माल द्यावा लागे आणि खाद्याचा खर्चही निघत नसे. अखेर कोंबड्या विकून त्याने कर्ज फेडले. माझ्या खात्यात प्रकरण निकाली निघाले. ती वही मात्र अजून मनात उघडीच आहे.

त्या सुमारास देशभर हेच चालले होते. चांगली कोंबडी दिली की शेतकरी तरतो, हा हिशेब अपुरा आहे हे रावांनी ओळखले. शेतकरी बुडाला तर पिल्ले घेणार कोण, हा त्यांचा धंद्याचा स्वार्थही त्यात होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ते गावोगाव हिंडले, बैठका घेतल्या, एकमेकांकडे स्पर्धक म्हणून पाहणाऱ्यांना एका सतरंजीवर बसवले. १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली आणि अंड्याचा भाव उत्पादकांची समिती जाहीर करू लागली. दूरदर्शनवरच्या अंड्यांच्या जाहिराती पुष्कळांना आठवत असतील. त्या याच समितीच्या.

१९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९९६च्या जानेवारीत ते गेले. त्याच वर्षी जागतिक कुक्कुट परिषद दिल्लीत भरली, ती पाहायला ते नव्हते.

सारे गोडच झाले असे नाही. समितीचा भाव सल्ल्यापुरता असतो, व्यापारी त्यातही काटछाट करतो. शेतकऱ्याला दर खेपेला पिल्लांसाठी कंपनीच्या दारी जावे लागते. आजीला ते कधी लागले नाही. तरी शेतकऱ्याच्या मालाचा भाव शेतकऱ्याने सांगावा, हे एकदा घडून दाखवले गेले, आणि तेही नासणाऱ्या मालाच्या बाबतीत.

पुढे निवृत्त होईपर्यंत माझ्याकडे आलेल्या प्रत्येक कोंबडीपालनाच्या अर्जावर मी समासात पेन्सिलीने एक प्रश्न लिहीत असे: भाव कोण ठरवणार? छापील अर्जात त्याला रकाना नव्हता.